‘पाहा’चं कार्ड

दुपारी अडीचच्या सुमारास एक विद्यार्थी काउंटरवर आला आणि हातातला फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, "मॅडम, आपल्याकडे ॲरिस्टॉटलवर एकही पुस्तक नाही?"

फोनवर आमचाच ओपॅक, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांची ऑनलाइन तालिका (यादी), उघडा होता. शोधशब्द ॲरिस्टॉटल, आणि खाली ‘० निकाल’. त्याच दिवशी सकाळी तत्त्वज्ञानाच्या कपाटात १८५ या वर्गांकाखालची तीन पुस्तकं मी स्वतः सरळ करून ठेवली होती. त्याला कपाटापाशी नेलं, पुस्तक हातात दिलं, देवघेवीची नोंद झाली, तो खूश होऊन गेला. मला मात्र चैन पडेना. माझ्या कॉम्प्युटरवर तोच शब्द टाइप केला, तर तीन निकाल आले.

दोन्ही शब्द पडद्यावर एकाखाली एक ठेवून पाहिले. डोळ्यांना काडीचाही फरक दिसत नव्हता. फरक होता तो आतल्या सांकेतिक क्रमांकांत. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रणालीत, स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी आपण ‘अ’ टाइप करून त्यावर चंद्र चढवत होतो, आणि आमच्या नोंदींपैकी बऱ्याच तशाच भरलेल्या. काही ठिकाणी ‘अ’ आणि चंद्र यांच्यामध्ये आणखी एक न दिसणारं जोडचिन्ह असतं, तो तिसरा प्रकार. त्या मुलाच्या फोनचा कीबोर्ड नवा, त्यानं एकसंध ‘ॲ’ दिला. माणसाला जे एकच अक्षर दिसतं, ती यंत्राच्या लेखी तीन निरनिराळी अक्षरं. यंत्रानं प्रामाणिकपणे शोधलं आणि प्रामाणिकपणे शून्य सांगितलं.

मला टोचत राहिलं ते हे, की असे किती वाचक त्या शून्यावर विश्वास ठेवून परस्पर निघून गेले असतील? पुस्तक कपाटात आहे हे ज्याला ठाऊक असतं, त्यालाच ही चूक चूक म्हणून दिसते. वाचकाला ती दिसूच शकत नाही. त्याच्या दृष्टीनं ग्रंथालयात ते पुस्तक नाही, विषय संपला.

पुढचे काही दिवस मी नोंदी उपसत बसले. ‘ॲ’ झाल्यावर ‘ऱ्य’ निघाला. किनाऱ्यावर, वाऱ्या, दऱ्या, सगळीकडे तीच गत. तो अर्धा र काही नोंदींत ‘ऱ’पासून बनवलेला, काहींत साध्या ‘र’ला ते न दिसणारं चिन्ह जोडून. शेवटी शोधयंत्रणेच्या सेटिंगमध्येच नियम लिहून घेतला, की या सगळ्या रूपांना एकच समज. नियम लिहायला एका तरुण सहकाऱ्यानं मदत केली. तो संगणकशास्त्र शिकलेला, मी ग्रंथालयशास्त्र. काय लिहायचं हे त्याला येत होतं, कशासाठी लिहायचं हे मला. तो मला म्हणाला, "मॅडम, हे तर मॅपिंग आहे." मी म्हटलं, "अरे, हे ‘पाहा’चं कार्ड आहे."

त्याला ते कार्ड माहीत नव्हतं. सांगते.

मी नोकरीला लागले तेव्हा तालिका म्हणजे लाकडी खणांचं कपाट होतं. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरचं कार्ड, खाली मध्यभागी भोक, त्यातून पितळी सळई ओवलेली. प्रत्येक पुस्तकाची निदान तीन कार्डं: लेखकाचं, शीर्षकाचं, विषयाचं. आणि या सगळ्यांच्या मधूनमधून काही कार्डं अशी, की ज्यांच्यावर पुस्तकच नसायचं. ‘दामले, कृष्णाजी केशव : पाहा केशवसुत’. बस, एवढीच ओळ. वाचक चुकीच्या दारावर टकटक करणार हे आधीच ओळखून कुणीतरी त्या दारावर पाटी लावून ठेवलेली असायची. आमच्या गुरूंनी आम्हाला शिकवलं होतं, की तालिकाकाराची पारख करायची तर त्याची ‘पाहा’ची कार्डं बघावीत. पुस्तकाची नोंद पुस्तक समोर ठेवून करता येते. ‘पाहा’चं कार्ड करायला समोर नसलेला वाचक डोळ्यांपुढे आणावा लागतो.

हे कपाट आता जगभर इतिहासजमा आहे. ओसीएलसी ही संस्था ग्रंथालयांना छापील तालिकापत्रं पुरवायची. १९७१ पासून तिनं सुमारे एकशे नव्वद कोटी कार्डं छापली आणि शेवटचं कार्ड छापलं १ ऑक्टोबर २०१५ रोजी. ती बातमी वाचली तेव्हा मी आमच्या कपाटाचा एक खण उघडून बराच वेळ नुसता हात फिरवत बसले होते. त्या कार्डांवरची सगळी अक्षरं मला ओळखू येतात. कुणाचा ‘श’ कसा, कुणाच्या वेलांट्या कशा.

पण कार्ड गेलं म्हणून कार्डामागचं डोकं गेलं असं मला कधीच वाटलं नाही. त्याचं कारण एक बाई आहेत. हेन्रिएट ॲव्हरम. त्या ग्रंथपाल म्हणून शिकलेल्या नव्हत्या, प्रोग्रॅमर होत्या. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कामाला लागल्या आणि त्यांनी आधी काय केलं, तर कार्डावरची प्रत्येक ओळ, प्रत्येक विरामचिन्ह तिथं का आहे ते समजून घेतलं. त्यातून ‘मार्क’ तयार झालं, म्हणजे यंत्राला वाचता येईल अशी तालिकेची मांडणी. तिच्यात प्रत्येक माहितीला क्रमांकाचं एक क्षेत्र, म्हणजे रकाना: १०० मध्ये लेखक, २४५ मध्ये शीर्षक, ६५० मध्ये विषय. नावाचं ठरलेलं एक रूप जिथं नोंदलेलं असतं, त्या प्रमाणित नोंदीत ४०० हे क्षेत्र असतं, आणि त्यात काय भरायचं? त्याच व्यक्तीची इतर नावं, जिथून वाचकाला मूळ नावाकडे आणायचं ती. आमचं ‘पाहा’चं कार्ड तिथं जसंच्या तसं बसलेलं आहे. प्रशिक्षणात हे क्षेत्र घाईघाईनं पुढे ढकलतात आणि बहुतेक ग्रंथालयांत ते रिकामंच राहतं, याची मला फार हळहळ वाटते.

सॉफ्टवेअरबद्दलही थोडं लिहायला हवं, कारण नव्या ग्रंथपालांना वाटतं तंत्रज्ञान हे कुठूनतरी वरून येतं. आम्ही ‘कोहा’ ही ग्रंथालयासाठीची संगणकप्रणाली वापरतो. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या भागातल्या ग्रंथालयांची जुनी संगणकप्रणाली २००० साल उजाडताच बंद पडेल अशी भीती होती. तयार प्रणाली परवडेना आणि पटेना, म्हणून त्यांनी स्वतःच एक बनवून घेतली. ती जानेवारी २०००च्या पहिल्या आठवड्यात सुरू झाली आणि त्याच वर्षी त्यांनी ती सगळ्यांसाठी खुली केली. ‘कोहा’ हा माओरी शब्द, अर्थ भेट. पण अशी भेट, की जिची परतफेड घेणाऱ्यानंही मनापासून करायची असते. गरज ओळखणारे ग्रंथपाल होते, कोड लिहिणारे दुसरे. दोघं एका टेबलाशी बसले म्हणून ते झालं. मराठीचे नियम आम्ही आमच्यापुरते लिहून घेतले आहेत, ते आता इतरांना देण्याच्या तयारीत आहोत.

डिजिटायझेशनचं काम सुरू झालं तेव्हा सगळ्यांना वाटलं हे तरुणांचं खातं. आमच्याकडे ते खरं उभं केलं ते मामांनी. मामा म्हणजे कपाटांवर पुस्तकं लावणारे आमचे ज्येष्ठ सहकारी, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. स्कॅनर आला तेव्हा ते लांबूनच बघत होते. एकदा एका जुन्या नियतकालिकाचा खंड स्कॅन होऊन आला, फाइल तयार, नाव दिलेलं, चढवायचीच बाकी. मामांनी मूळ खंड हातात घेतला, फाइलकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, यात एक पान कमी आहे." पृष्ठांक मोजले. ११२ आणि ११३ एकमेकांना चिकटून गेलेले, पान उलटताना एकत्रच उलटलं गेलं होतं. मी विचारलं, कसं ओळखलंत? तर म्हणाले, या खंडात मध्ये एक नकाशा आहे, मला तो दिसला नाही. चाळीस वर्षं खंड उचलून ठेवता ठेवता त्यांनी तो नकाशा कधीतरी पाहिला होता.

तेव्हापासून स्कॅनरवर मामा बसतात. पानाखाली काळा कागद सरकवतात, म्हणजे मागची छपाई उमटत नाही. ठिसूळ पान कोपऱ्यातून कधीच उचलत नाहीत, खालून तळहात घालतात. मूळ प्रतिमा टिफमध्ये वेगळ्या ठेवायच्या, वाचकांसाठी पीडीएफ वेगळी, हे त्यांना आता कुणी सांगावं लागत नाही. मग ओसीआरची, म्हणजे यंत्राकडून पानाच्या चित्रातली अक्षरं वाचून घेण्याची, पाळी येते. जुन्या खिळ्यांच्या छपाईत शिरोरेखा तुटलेली असते, तिथं यंत्र ‘भ’चा ‘म’ करतं, ‘घ’चा ‘ध’, ‘ष’चा ‘प’. ‘ख’चा तर ‘रव’ होतो. प्रत्येक ओळ तपासणं आवाक्याबाहेर आहे, म्हणून आम्ही ठरवलं की निदान शीर्षकं, लेखकनावं आणि प्रकरणांची नावं हातानं तपासायची. वाचक सहसा तिथूनच आत शिरतो.

अशा फाइलींचं वर्णन करायला डब्लिन कोअर हा रकान्यांचा ठरलेला संच वापरतात. नाव ऐकून आयर्लंड आठवतं, पण हे डब्लिन अमेरिकेतल्या ओहायोमधलं. १९९५ साली तिथं ग्रंथपाल आणि संगणकवाले एकत्र बसले आणि वेबवरच्या कुठल्याही वस्तूचं किमान वर्णन कसं करावं हे ठरवायला लागले. त्यातून पंधरा घटक आले. शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, हक्क वगैरे. दिसायला पंधरा रकाने, पण ‘विषय’ या एका रकान्यात काय लिहायचं यावर आमच्याकडे अजूनही वाद होतात, आणि ते व्हायलाच हवेत.

ई-जर्नल्सबद्दल लिहायला घेतलं तर रात्र पुरणार नाही. एवढंच सांगते, की वर्गणी बंद झाल्यावर आधीचे अंक वाचता येणार की नाही, ते करारातल्या एका ओळीवर ठरतं. एका वर्षी ती ओळ आम्ही नीट वाचली नव्हती आणि काही वर्षांचे अंक एका सकाळी दिसेनासे झाले. छापील अंक कुणी कपाटातून काढून नेत नाही. आता मी करार वाचते, पेन हातात घेऊन, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात हे शिकवायला हवं.

आणि यंत्रणा पूर्णच कोसळली तर? ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. मुख्य तालिका वेबवर परत दिसायला जानेवारी २०२४ उजाडला. ग्रंथ सगळे जागेवर, पण ते कुठं आहेत हे सांगणारी यंत्रणा आडवी झालेली. त्यानंतर आम्ही आमच्या नोंदींची प्रत वेगळ्या ठिकाणी, नेटवर्कपासून तोडून ठेवायला लागलो. दर शुक्रवारी. आणि वर्षातून एकदा त्या प्रतीवरून सगळं पुन्हा उभं करून बघतो, कारण उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबणं मला पटत नाही.

गेल्या वर्षभरात एक नवीनच काम वाढलं आहे. एक संशोधक मुलगी सात संदर्भांची यादी घेऊन आली, "मॅडम, हे लेख दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून द्याल का?" चार सापडले. उरलेल्या तिघांत लेखक खरे, नियतकालिकं खरी, खंड आणि वर्षही एकमेकांशी जुळणारं. पण त्या पृष्ठांवर भलतेच लेख. दुपारभर शोधल्यावर मी तिला विचारलं, यादी कुठून घेतलीस? तिनं चॅटबॉटचं नाव सांगितलं. तिला रडूच फुटायचं बाकी होतं, प्रबंध जमा करायची तारीख जवळ आलेली. मी तिला शेजारी बसवलं आणि दाखवलं, की शोधाची जोड नसेल तर असं मॉडेल संदर्भ शोधून आणत नाही, संदर्भासारखी दिसणारी ओळ जुळवून देतं. मग प्रत्येक संदर्भाचा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, उघडतो का, नियतकालिकाच्या त्या अंकाच्या अनुक्रमणिकेत लेख आहे का, हे कसं बघायचं ते शिकवलं. त्या तीन न-लेखांच्या जागी त्याच विषयावरचे दोन खरे लेख मिळाले. ओपॅकच्या शून्यानं असलेलं पुस्तक लपवलं होतं, इथं नसलेला लेख समोर उभा केला. दोन्हीकडे वाचकाला खरं काय ते कळायला मधे कुणीतरी माणूस लागला. १९३१ साली भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतो. तो इतका तातडीचा मला याआधी कधी वाटला नव्हता.

आता दर सोमवारी सकाळी मी एक यादी काढते: गेल्या आठवड्यात ओपॅकवर कोणत्या शोधांना शून्य निकाल मिळाले. कुणी शोधलं ते त्यात नसतं, नावं आम्ही ठेवतच नाही, आणि कुणी मागितली तरी ठेवणार नाही. कोण काय वाचतो हे त्याचं त्याच्यापाशी. फक्त शब्द, वेळ आणि शून्य.

या सोमवारच्या यादीत रात्री पावणेदोनची एक नोंद होती. ‘परीक्षेची भीती’. तीन मिनिटांनी पुन्हा, ‘परिक्षेची भीति’. पुन्हा शून्य. मग काही नाही.

आमच्याकडे त्यावर चार चांगली पुस्तकं आहेत. ती ‘ताणतणाव’ आणि ‘चिंताविकार’ या विषयांखाली नोंदलेली. रात्री पावणेदोनला जाग्या असलेल्या मुलाच्या तोंडी हे शब्द कसे येणार? मी दोन्ही विषयांच्या प्रमाणित नोंदी उघडल्या आणि ‘पाहा’च्या जागी ‘परीक्षेची भीती’ घातलं. त्याखाली ‘परिक्षेची भीति’ही घातलं, ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं, तसंच. मग फोन काढला, दोन्ही शब्द टाकून पाहिले. चार निकाल आले. मामांना सांगून ती चारही पुस्तकं दाराजवळच्या मांडणीवर आणून ठेवली आहेत.