वहीतला कोरा रकाना

पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, ऑफिसात माझं काम नोंदवह्यांचं: बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू. मृत्यूच्या वहीत नाव, वय, पुरल्याची तारीख यांच्या जोडीला एक रकाना असतो, मरणाआधी चर्चचे कोणते संस्कार, म्हणजे पवित्र विधी, मिळाले याचा. २०२१च्या उन्हाळ्यात, ठाण्यात दुसरी लाट असताना, त्या रकान्यापाशी मी अडलो तो अजून तिथेच आहे.

गेल्या त्या चाळीतल्या एक मावशी. मार्च २०२० मध्ये चर्चला कुलूप लागलं, तेव्हा आमची पोरं ट्रायपॉड घेऊन धावली आणि ऑनलाइन मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुरू झाली. चांगलंच केलं, पण पुढे पुढे प्रवचनापेक्षा 'व्ह्यूज किती' हीच चर्चा जास्त. मावशींकडे बटणांचा फोन. नातवाकडून त्यांनी कॉन्फरन्स कॉल शिकून घेतला. त्यावर पाच बायका जोडता येत, रोजरीची, म्हणजे माळेवरच्या मरियेच्या प्रार्थनेची, रोजची रहस्यं (तिचे भाग) हीही पाचच. प्रत्येकीला एक वाटून दिलं. एखादीचा आवाज तुटला की तिचं 'नमो मरिया' मावशी पुरं करत. प्रार्थना संपली की चौकशी, "गोळ्या घेतल्यास का गं? तांदूळ आहेत?" कुणाचा डबा रिकामा झालाय हे मदत समितीच्या यादीआधी तिथे कळायचं. ती यादी आली की माझं पहिलं काम मावशींना फोन करून ती दुरुस्त करणं.

मावशींना ॲडमिट केल्यावर फादर आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन गेले. वॉर्डच्या दारातूनच परत पाठवलं.

पुढचा प्रश्न मातीचा. मुलाला आई त्याच्या वडिलांच्या शेजारी हवी होती. आमच्याकडच्या बहुतेक कबरी कायमच्या नसतात. काही वर्षांनी अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि तीच जागा दुसऱ्याला देतात. कोविडचं शरीर प्लास्टिकच्या बंद पिशवीत. ती पिशवी मातीत कुजत नाही, कबर अडून बसते. म्हणून दहन. दहनाला १९६३ पासून चर्चची परवानगी आहे, फक्त राख घरी ठेवायची नाही की नदीत सोडायची नाही, हे मी मुलाला फोनवर समजावलं. तो बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "मग कोनाडा तरी बाबांच्या जवळचा द्या, काका."

स्मशानात कर्मचारी पवित्र पाणी शिंपडू देईना. केंद्राच्या आरोग्य खात्याच्या मार्च २०२० च्या सूचना मी प्रिंट काढून खिशातच ठेवायचो. हात न लावता ग्रंथवाचन, पवित्र पाणी शिंपडणं, लांबून चेहरा बघणं, सगळ्याला मुभा, पांढऱ्यावर काळं. त्यानं वाचलं, बाजूला झाला. त्याला तरी काय बोलणार? सकाळपासून किट घालून उभा होता. तो कागद त्याच्यापर्यंत कुणी पोचवलाच नव्हता.

संध्याकाळी वही उघडली. नियमानं रकाना कोरा. तेल नाही, कुमसार (पापांची कबुली) नाही, ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) नाही. फादर म्हणाले, "अरे, रोमनं २० मार्च २०२० लाच जाहीर केलंय. ज्यांना तेल मिळालं नाही अशांनाही मरणाच्या वेळी पूर्ण दंडमुक्ती, पापांची सगळी शिक्षा माफ. तू कशाला जिवाला लावून घेतोस?"

ते देवाच्या वहीचं झालं. माझ्या वहीतून उद्या कुणी उतारा मागितला तर त्यावर 'संस्कार: नाही' एवढंच येणार, आणि शेजारच्या ओळीतल्या, वर्षातून एकदा नाताळला उगवणाऱ्या सद्गृहस्थांना मात्र तिन्ही मिळालेले. शेऱ्याच्या जागी फोनवरच्या रोजरीचं लिहू का, असं मी फादरना विचारलंय. ते म्हणतात, वही संस्कारांची आहे, गुणांची नाही. त्यांचं बरोबर असेल. मला पटलेलं नाही.