सर्पदंश, पीएचसी आणि काचेची नळी

भाताची आवणी सुरू झाली की आंबेगाव, जुन्नर, वेल्हे, मुळशीच्या डोंगरपट्ट्यात सर्पदंशाचे पेशंट वाढतात. वाडीवरून पुण्याच्या ससून रुग्णालयात पोचेपर्यंत तास मोडतात. म्हणून लसीचा, म्हणजे सापाच्या विषावरच्या उताऱ्याचा, पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रातच (पीएचसी) सुरू व्हायला हवा. आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक पीएचसी हा निकष आहे. पण कपाटात लस असूनही रिअ‍ॅक्शनच्या भीतीने पेशंट तसाच पुढे पाठवला, तर त्या निकषाचा काय उपयोग?

लस द्यायची की नाही, हे ठरवायला मोठी लॅब लागत नाही. नवी, कोरडी काचेची टेस्ट ट्यूब घ्यायची, शिरेतलं २ मिली रक्त त्यात सोडायचं, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग एकदाच तिरपी करून बघायची. रक्त पातळच राहिलं तर चावलेला साप रक्त गोठू न देणाऱ्या विषाचा, म्हणजे घोणस किंवा फुरसं, धरून चालायचं आणि लस लावायची. गफलत होते ती नळीत. प्लॅस्टिकची चालत नाही, कारण रक्त गोठायला सुरुवात होते ती काचेच्या स्पर्शाने. साबणाने धुतलेलीही नको. साबणाचा अंश राहिला की चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही. मधेच हलवून बघायचा मोहही आवरायला हवा. रक्त गोठलं म्हणून लगेच घरी सोडू नये. तपासणी पुन्हा पुन्हा करत २४ तास लक्ष ठेवायचं.

पहिला डोस १० कुप्यांचा. पावडरच्या प्रत्येक कुपीत इंजेक्शनसाठीचं १० मिली निर्जंतुक पाणी घालून हळू फिरवायची. जोरात हलवली की फेस होतो. मग सलाइनमधून साधारण तासाभरात द्यायची. लहान मुलालाही कुप्या तेवढ्याच, साप काही वय बघून विष सोडत नाही. त्वचेवर चाचणी करू नये, तिच्यावरून रिअ‍ॅक्शनचा अंदाज येत नाही. त्याऐवजी अ‍ॅड्रेनालिन हे रिअॅक्शनवरचं औषध सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवावं: मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. रक्ताची पुढची तपासणी ६ तासांनी, कारण गोठवणारे घटक पुन्हा तयार करायला यकृताला तेवढा वेळ लागतोच.

मण्यारीचं मात्र वेगळंच. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटात कळा आणि जड झालेल्या पापण्या घेऊन माणूस येतो आणि अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन परत जातो! नळीतलं रक्त इथे गोठतंच, त्यामुळे निदान पापण्यांवरून. लस द्यायचीच, पण श्वास मंदावला तर १०८ रुग्णवाहिकेत वाटभर अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देणारी पिशवी) दाबणारा माणूस हवा. एकट्या ड्रायव्हरच्या भरवशावर असा पेशंट पाठवू नये.

आवळपट्टी बांधून आणली असेल तर सलाइन लावून, लस सुरू केल्यावरच हळूहळू सोडावी. एकदम सोडली की अडलेलं विष अंगभर पसरतं. अनेकदा ही पट्टी भगताने बांधलेली असते. त्याच्यावर डाफरण्यापेक्षा मे महिन्यातल्या आशा सेविकांच्या बैठकीला त्यालाही बोलवावं, कारण पेशंट आधी त्याच्याच दारात जातो. पट्टी नको, काप देऊ नको, हातपाय हलू न देता लगेच गाडीत घाल, एवढं त्याला पटलं तरी पुष्कळ.