टॉमच्या तालावर एकशेएक: सहा शनिवारांची नोंद

मागच्या नोंदीच्या शेवटी मी छातीठोकपणे लिहिलं होतं, ‘दोन शनिवारांत ट्रॅक उरकते.’ आज सहावा शनिवार. ट्रॅक अजून अर्धाच झालाय. पण तो ज्या वाटेने उभा राहिला, ती वाट पहिल्या शनिवारी माझ्या डोक्यात नव्हती, आणि तुमच्यापैकी ज्यांच्याकडे जुनी इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रं आहेत त्यांना ती उपयोगी पडेल असं वाटतं.

टेबलावर चारच यंत्रं आहेत. रोलँडचा ड्रम मशीन टीआर-६०६ (१९८१) आणि सिंथेसायझर एसएच-१०१ (१९८२) ही म्हातारी जोडी. कोर्गचा सिंथेसायझर मिनीलॉग आणि रेकॉर्ड केलेले आवाज (सँपल) वाजवणारा एलेक्ट्रॉनचा डिजिटॅक्ट ही तरुण मंडळी. बोलताना मी म्हाताऱ्यांना सहाशेसहा आणि एकशेएक म्हणते. मिडी, म्हणजे वाद्ययंत्रांची एकमेकांशी बोलायची ठरलेली भाषा, आलं १९८३ साली, म्हणजे ही दोघं त्याच्या आधीची. ६०६ला डिन सिंक कळतं, म्हणजे यंत्रांना एका टेम्पोत बांधणारे ठोके. १०१ला सीव्ही (कुठला स्वर ते सांगणारा व्होल्टेज) आणि गेट (स्वर कधी सुरू, कधी बंद) कळतात, शिवाय क्लॉक, म्हणजे पुढे सरक सांगणारे विजेचे ठोके (पल्स), घ्यायला मागे एक जॅक आहे. या जॅकबद्दल पुढे बोलायचंय.

पहिला बेत सरळ होता. डिजिटॅक्ट मालक, बाकीचे त्याच्या हुकमात. डिजिटॅक्टचा एक पोर्ट सेटिंगमधून ‘डिन २४’वर टाकता येतो, त्यामुळे वेगळी सिंकची डबी लागत नाही. टेम्पो ११८ ठेवला, ६०६चा सिंकचा स्विच ‘इन’वर केला, केबल लावली, प्ले दाबलं. डिजिटॅक्ट धावला, ६०६ ढिम्म. सेटिंग तीनदा तपासली, स्विच पुढेमागे केला, दोन्ही यंत्रं बंद करून चालू केली. दीड तास गेला. शेवटी मित्राला फोन लावला.

‘अगं, केबल कुठली लावलीस?’

‘मिडीचीच की.’

‘मग वाजेल कसा तो?’

चूक सर्वस्वी माझी, आणि वर्षानुवर्षं हा छंद करूनही झालेली. मिडी आणि डिन सिंक दोन्हींचा जॅक पाच पिनांचा, दिसायला हुबेहूब. पण मिडी चालतं पिन ४ आणि ५वर, आणि २ शील्डची. डिन सिंकमध्ये पिन १वर स्टार्ट-स्टॉप, ३वर क्लॉक आणि २वर ग्राउंड. बऱ्याच मिडी केबलींमध्ये १ आणि ३ला तारच जोडलेली नसते, कारण मिडीला ती लागत नाही. मल्टिमीटर बीपवर लावून पाहिलं. २, ४ आणि ५ने शिट्टी दिली, १ आणि ३ गप्प. पाचही पिना जोडलेली केबल लावल्यावर ६०६ पहिल्या फटक्यात सुटला. ती केबल आता लाल टेप गुंडाळून वेगळी टांगली आहे.

गंमत म्हणजे दोन्हींचा हिशोब एकच आहे, एका बीटला २४ टिका. मिडी त्या टिका बाइटच्या रूपात पाठवतं, डिन सिंक नुसता व्होल्टेज वरखाली करतं. ११८च्या टेम्पोला दोन टिकांमध्ये साधारण २१ मिलिसेकंद येतात.

दुसऱ्या शनिवारी १०१ची पाळी. त्याला मिडीवरून सीव्हीत बदलणाऱ्या डबीतून स्वर पाठवले. खालचं सप्तक सुरात, वरचं उतरलेलं. एका सप्तकाला १ व्होल्ट असा नियम आहे, म्हणजे एका अर्धस्वराला ८३.३ मिलिव्होल्ट. त्या डबीचा व्होल्ट सप्तकामागे ५ मिलिव्होल्टने जरी कमी पडला, तरी तीन सप्तकं चढेपर्यंत १८ सेंटची तूट होते (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). तेवढी कुठल्याही कानाला टोचते. डबीतला बारका स्क्रू फिरवून ती भरून काढली. त्यातही एक फजिती झाली: १०१ थंड असतानाच सूर लावला होता. अ‍ॅनलॉग ऑसिलेटर (सूर निर्माण करणारं सर्किट) गरम होईपर्यंत सरकत राहतो, हे दुसऱ्याला सांगताना मला पाठ असतं. वीस मिनिटं थांबून पुन्हा पहिल्यापासून.

तिसरा शनिवार मी वाया घालवला असं म्हणेन. सगळं सुरळीत चालू होतं आणि तीच अडचण झाली. बेसच्या ६४ स्टेप, म्हणजे तालातली घरं, समोर पडद्यावर होत्या, प्रत्येक नोटेची लांबी, जोर, जागा बदलता येत होती, आणि मी बदलत बसले. एका नोटेच्या लांबीवर पाऊण तास गेला. संध्याकाळी जे ऐकलं ते सकाळी होतं त्याहून वाईट होतं.

चौथ्या शनिवारी सीव्हीची डबी काढून ठेवली आणि १०१च्या मागच्या त्या क्लॉकच्या जॅककडे वळले.

१०१च्या पोटात १०० स्टेपचा सिक्वेन्सर आहे. लोड दाबायचं, एकामागून एक स्वर दाबत जायचं, मग प्ले. त्यात स्वर कुठले एवढंच साठतं, कधी वाजायचे ते साठत नाही. ‘कधी’ हे क्लॉक ठरवतं. एक पल्स आली की तो पुढचा स्वर वाजवतो आणि दुसरी येईपर्यंत थांबतो. आता ६०६कडे बघा: त्याला दोन ट्रिगर आउट (फटक्याबरोबर पल्स बाहेर देणारे जॅक) आहेत, एक लो टॉमचा आणि एक हाय टॉमचा. टॉम म्हणजे ड्रमसेटमधला एक ढोल. टॉमचा आवाज शून्यावर आणला तरी ट्रिगर येतच राहतो. लो टॉमच्या जॅकमधून केबल काढून १०१च्या क्लॉकमध्ये घातली. झालं. टॉम ऐकू येत नाही, पण तो जिथे जिथे मांडाल तिथे १०१ एक पाऊल पुढे टाकतो. ही युक्ती माझी नव्हे, या यंत्रांच्या काळापासूनची आहे. मी मात्र ती ‘जुन्या लोकांची नाइलाजाची सोय’ समजून बाजूला टाकली होती.

१६ स्टेपच्या पॅटर्नमध्ये लो टॉम १, ४, ७, ११ आणि १४व्या घरात मांडला. अंतरं ३, ३, ४, ३, ३. १०१मध्ये आठ स्वर भरले. वळण साधारण धानीचं: सा, प, कोमल नि, वरचा सा, कोमल ग, म, पुन्हा ग, खालचा नि. प्ले.

ऐकल्याबरोबर बसल्या जागी पाय हलला. लय किकला (मोठ्या ढोलाच्या ठोक्याला) धरून होती आणि सुरावट मात्र लयीवरून घसरत होती, कारण एका बारमध्ये, म्हणजे १६ स्टेपच्या एका फेरीत, फटके पाच आणि स्वर आठ. पहिल्या बारमध्ये सा समेवर, दुसऱ्यात म, तिसऱ्यात नि.

तासाभरात मात्र कंटाळा आला. पाचाचं आणि आठाचं गणित ४० ट्रिगरांनी, म्हणजे आठ बारांनी जुळतं. माझे कॉर्ड (एकत्र दाबलेले स्वर) चार बारचे. आठात चार दोनदा बसतात, त्यामुळे सगळा पसारा आठ बारांचा एक ठोकळा होऊन फिरत होता. दोन स्वर वाढवून दहा केले तर आणखी वाईट: दोन बारांत सगळं जागेवर. मग उलटी गेले आणि दहातले तीन काढले. सात स्वर आणि पाच फटके ३५ ट्रिगरांनी जुळतात, सात बार. सात आणि चार एकमेकांना दाद देत नाहीत, त्यामुळे बेस आणि कॉर्ड दोन्ही एकदम समेवर यायला २८ बार लागतात. ११८च्या टेम्पोला जवळजवळ ५७ सेकंद. या २८ बारांत त्याच स्वराखाली वेगळा कॉर्ड येत राहतो. कोमल ग एकदा मायाळू वाटतो, पुढच्या फेरीत तोच खुपतो. इतके दिवस मी हे हाताने एकेक स्टेप हलवून घडवू पाहत होते.

पाचव्या शनिवारी रेकॉर्डिंगला बसले आणि लक्षात आलं की मीच हरवतेय. कॉर्ड मिनीलॉगवर हाताने दाबते, दोन कॉर्ड, प्रत्येकी दोन बार. उजवा हात तिथे, डावा १०१च्या कटऑफच्या (फिल्टर किती उघडा ते ठरवणाऱ्या) स्लायडरवर. बेस सात बारांच्या आवर्तनाचा, आणि कान त्याच्याच मागे ओढला जातो. किक प्रत्येक बारला सारखीच, ती काहीच सांगत नाही. चार टेक कॉर्ड चुकीच्या बारवर पडून गेले. बोटांवर मोजायला हात मोकळा नाही. अखेर डिजिटॅक्टमध्ये ६४ स्टेपचा एक पॅटर्न लावून ठेवला. त्याच्या चार पानांचे चार बारीक दिवे असतात, एक पान म्हणजे एक बार. पहिला आणि तिसरा दिवा लागला की कॉर्ड बदलायचा. म्हणजे पाच आठवड्यांपूर्वीचा मालक आता टेम्पो देतो आणि दिवे दाखवतो.

अर्थात तो किकचा सँपलही वाजवतो. ६०६ची किक चटपटीत पण किडकिडीत आहे, म्हणून तिच्या खाली एक भरदार सँपल घातला, आणि दोन्ही मिळून एकटीपेक्षा बारीक वाजू लागल्या! ६० हर्ट्झच्या आवाजाचा अर्धा फेरा ८.३ मिलिसेकंदांचा. दोन किकांमध्ये नेमका तेवढाच उशीर पडला तर एकीचा चढ दुसरीच्या उतारावर बसतो आणि बेस गिळला जातो. उशीर मोजून पुढेमागे करण्यापेक्षा सोपा तोडगा निघाला असता, पण ६०६ला सगळ्या आवाजांचं मिळून एकच आउट आहे. किक वेगळी काढता येत नाही. मग अख्ख्या ६०६वर १५० हर्ट्झला हाय-पास (खालचा आवाज अडवणारा फिल्टर) लावला. खालचं सगळं सँपलचं, वरची टकटक ६०६ची. स्नेअर जरा पातळ झाला, तो चालवून घेतला.

६०६च्या हाय-हॅटला (झांजांच्या जोडीच्या आवाजाला) मात्र हात लावला नाही. सहा चौकोनी लहरी, एकमेकींशी कसलंही सुरेल नातं नसलेल्या, एकत्र करून गाळल्या की तो धातूचा चुरचुराट येतो. रोलँडच्याच टीआर-८०८ ड्रम मशीनच्या झांजेचीही हीच कृती. इथे सँपल लावून बघितला आणि काढून टाकला.

१०१चा पॅच (आवाजाची मांडणी) लिहून ठेवते, कारण त्याला आठवणीत ठेवायची सोयच नाही: पल्स लहर वर, सॉटूथ लहर खाली, सब-ऑसिलेटर एक सप्तक खाली आणि अर्ध्याहून थोडा जास्त. रेझोनन्स एक तृतीयांश. एन्व्हलपचा डिके छोटा, सस्टेन शून्य. कटऑफच्या खाचेशेजारी कागदी टेपची पट्टी चिकटवून तीन खुणा केल्यात. खालच्या खुणेवर बेस, मधल्या खुणेवर बेस आणि दात, वरच्या खुणेवर नुसते दात. टेकभर हात या तिघींतच फिरतो, आणि खालून मधल्या खुणेपर्यंत यायला मी सात बार घेते. घाई केली की कळतं.

मिनीलॉग स्वतःचा सूर स्वतः लावतो, १०१ला मी कानाने लावते. ११० हर्ट्झच्या लांब सुरावर दोन्ही ठेवले तर १०१ अर्ध्या हर्ट्झने चढा होता. दर दोन सेकंदांनी एक झोका (आवाजाचा चढउतार). ट्यून नॉब धरला, आणि सोडून दिला. बारही दोन सेकंदांच्या आसपासच आहे, झोका त्याच्या जवळून जातो पण कधी नेमका बसत नाही. तो तसाच ठेवलाय.

आणखी एक हिशोब, करून पाहण्यासारखा. फिलच्या (ठेका मुद्दाम बदलायच्या) बारमध्ये लो टॉमचे फटके बदलले की सुरावटीची पुढची सगळी चाल बदलते. चार फटके टाकले तर तिथून पुढे सगळं एका स्वराने मागे पडतं. सात टाकले तर १०१ त्या बारमध्ये पूर्ण फेरी मारतो, आणि फिलची सुरुवात ज्या स्वराने झाली त्याच स्वराने पुढचा बार सुरू होतो, जणू सुरावट एक बार जागच्या जागी थांबली. आज हे दोन्ही टेकमध्ये वापरलं. एक पथ्य पाळा: १०१ला रीसेटचा जॅक नाही. मध्येच थांबलात तर तो त्याच स्वरावर अडून बसतो, म्हणून प्रत्येक टेकआधी १०१चं प्ले बंद करून पुन्हा दाबायचं आणि मगच ६०६ सोडायचा. माझा आजचा सर्वांत चांगला टेक, पावणेसात मिनिटांचा, तिसऱ्या स्वरापासून सुरू झालाय. आधी पुसणार होते. दोनदा ऐकला आणि नाव देऊन ठेवून दिला.

हाय टॉमचा ट्रिगर अजून रिकामा आहे. तो मिनीलॉगच्या सिंक इनमध्ये घालून त्याच्याही सिक्वेन्सरला असंच ढकलावं असं मनात आहे, पण जुन्या यंत्रातून बाहेर येणारी पल्स किती व्होल्टची आहे हे मोजल्याशिवाय नव्या यंत्राच्या तोंडी देणार नाही. मल्टिमीटरला इतकी छोटी पल्स पकडता येत नाही. केबलवाल्या मित्राकडे ऑसिलोस्कोप आहे, तो उसना मागितलाय. ‘देतो,’ म्हणाला, ‘पण प्रोब कशाला लावतेस ते आधी मला फोटो काढून दाखव.’