लेवीयचा एकोणिसावा अध्याय

नव्या वर्षाला पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून वाचायला घेणारे पुष्कळ. रोज तीन अध्याय धरले की उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० तीस दिवसांत संपतात. ३१ जानेवारीला समोर लेवीय हे तिसरं पुस्तक उभं: होमार्पण, चरबी, गुरदे. आपल्याकडे तेव्हा ऊसतोड चालू असते, माणूस दमलेला असतो. बहुतेकांचं वाचन इथंच बसतं. त्याच चालीनं गेलं तर ६ फेब्रुवारीला एकोणिसावा अध्याय येतो, आणि बेळगावाकडच्या खानापूर-निपाणीतल्या शेतकरी ख्रिस्ती विश्वासणाऱ्याला त्याच्याइतका कामाचा अध्याय दुसरा नाही.

म्हणून क्रम बदला. नव्या कराराचे, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाचे, अध्याय २६०. सोमवार ते शुक्रवार रोज एक वाचला तर ५२ आठवड्यांत पुरा होतो; शनिवार राहिलेल्यासाठी. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय तारखेप्रमाणे वाचायचे. त्यातला बुडाला तर मागं जाऊन भरत बसू नका, आजचा वाचा. घरची प्रार्थना जेवणाआधी, पंधरा मिनिटं, बस. जेवणानंतर ठेवली की पोरं पेंगतात. मुलं कन्नड शाळेत असतील तर त्यांच्या हाती कन्नड शास्त्र द्या, आजीकडं मराठी. वचनाचे आकडे सांगून दोघांनी एकेक वचन वाचावं. एखादं रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन म्हणावं. झांज असली तर पोरं आपणहून बसतात.

आता तो अध्याय. तेरावं वचन म्हणतं, मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नकोस. आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘कारखान्याचं बिल आलं की देतो.’ बिल उशिरा येणार हे आपल्याला पेरणीपासून ठाऊक असतं, भांगलणीला आलेल्या बाईला नसतं. जितक्या बायका सांगितल्या असतील तितकी मजुरी आदल्या दिवशीच सुट्ट्या पैशांत काढून ठेवा. दोघींच्या हातात पाचशेची एक नोट देऊन ‘वाटून घ्या’ म्हणणं हीसुद्धा अर्धवट मजुरीच. त्यांनी सुट्टे कुठं शोधायचे? बाजारात दुकानदार आधी काहीतरी घ्या म्हणणार.

पस्तीस-छत्तीसमध्ये खरी वजनं-मापं आहेत. बटाट्याच्या पोत्यात तोंडाला मोठे आणि तळाला गोलीएवढे भरणं, माती न झाडता तोलणं, सगळं त्यातच आलं. दशांश यानंतर. आधी मजुरी भागवा, मग दहावा हिस्सा. दुसऱ्याच्या मजुरीतून काढलेलं दानार्पण कसलं? आठवड्याला मजुरी मिळत असेल तर मिळाली की लगेच वेगळ्या डब्यात टाका. महिनाअखेरीला डबा भरायचा म्हटलं तर रिकामाच राहतो. करिंथ शहरातल्या मंडळीला प्रेषित पौलानं आठवड्याच्या पहिल्या दिवशी बाजूला ठेवा म्हणून सांगितलं ते याच अंदाजानं.

‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे प्रभू येशूनं सांगितलेलं वचनही याच अध्यायातलं, अठरावं. शेजारी म्हणजे बहुधा बांधापलीकडचा भाऊ. मोजणी मागवायच्या आधी एकदा त्याच्या घरी जाऊन या. वकील नको, गावातला पुढारी नको.

आणि नववं वचन सरव्याचं. शेताच्या कडा अगदी कोपऱ्यापर्यंत कापू नकोस, पडलेली कणसं वेचू नकोस. खानापूर भागात भातकापणीनंतर सरवा वेचायला कुणी आलं तर हटकायचं नाही. पेंढ्या खळ्यावर नेल्यावर दोन दिवस गुरंही शेतात सोडायची नाहीत.