पाच लिटर पांढरं

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेरुळला उतरले तेव्हा सातही वाजले नव्हते. विद्यापीठाच्या लॅबमध्ये पहिल्यांदाच पाच लिटरचा फर्मेंटर, म्हणजे जिवाणू वाढवायची टाकी, लावला होता आणि रात्री मला धड झोप लागली नव्हती. दारातच मामा भेटले. म्हणाले, "ताई, तुमचा रंग उतरलाय."

टोमॅटोला लाल करणारं लायकोपीन ई. कोलाय या जिवाणूकडून बनवून घेणं हे माझ्या पीएचडीचं काम. दुसऱ्या जिवाणूची तीन जनुकं प्लाझ्मिडवर बसवून आत सोडायची. प्लाझ्मिड म्हणजे गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं छोटं कडं. फ्लास्कमध्ये सगळं छान जमलं होतं. सेंट्रिफ्यूज केल्यावर नळीच्या तळाशी शेंदरी गोळा बसायचा. त्या सकाळी बसला तो पेजेसारखा फिकट.

पहिला संशय कंटॅमिनेशनचा, म्हणजे बाहेरचा जिवाणू शिरल्याचा. प्लेटवर पसरून दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर बहुतेक कॉलन्या, म्हणजे जिवाणूंचे ठिपके, पांढऱ्या, मधूनच एखादी लाल. आमच्या मूळ स्ट्रेनला, म्हणजे वाणाला, स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक सोसतं, म्हणून पांढऱ्या कॉलन्या त्यावर लावल्या. सगळ्या वाढल्या. अँपिसिलिन हे दुसरं प्रतिजैविक सोसायचं जनुक मात्र प्लाझ्मिडवरच असतं, आणि त्याच्या ताज्या प्लेटवर त्यांतली एकही आली नाही. बाहेरचं कुणी शिरलं नव्हतं. ती माझीच पेशी होती, प्लाझ्मिड टाकून दिलेली. तेव्हा मला खरंच रडू आलं.

पण माध्यमात अँपिसिलिन तर होतं! मग प्लाझ्मिड नसलेल्या पेशी मेल्या कशा नाहीत? सरांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला: बीटा-लॅक्टमेज. अँपिसिलिन तोडणारं हे एन्झाइम प्लाझ्मिडवाल्या पेशी बनवतात, पण ते बाहेरही झिरपतं. वाढ दाट झाली की भांड्यातलं औषधच संपतं, आणि शेजाऱ्याच्या जिवावर बिनप्लाझ्मिडवाल्याही जगतात. वर त्यांना लायकोपीनचं ओझं नाही, त्यामुळे वाढतात भराभर. चांगलं खाणंपिणं आणि 37 अंश मिळालं की ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. तिथे जराशी आघाडीही पुरते. त्यात मी तीन टप्प्यांत, दर वेळी शंभरपट पातळ करत वाढवलं होतं. म्हणजे जवळजवळ वीस पिढ्या. फ्लास्कमध्ये हे दिसायला वेळच मिळाला नव्हता.

1978 मध्ये ई. कोलायकडून मानवी इन्सुलिन बनवून घेतलं गेलं, 1982 मध्ये ते अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. हे मी परीक्षेत कितीदा लिहिलंय. पण एका चंचुपात्रातून टाकीपर्यंत जाताना तो जीव आपलं ऐकत राहावा यासाठी काय करावं लागत असेल, याचा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला.

आता कॅनामायसिन वापरायचं ठरलं. त्याला निकामी करणारं एन्झाइम पेशीच्या आतच राहतं. ज्याचं त्याने सांभाळायचं. ते टिकलं नाही तर जनुकं थेट गुणसूत्रात बसवायची.

जनुकं बदललेले जिवाणू मोरीत ओतता येत नाहीत. पाचही लिटर ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर मारले. मामा शेजारी उभे होते. "लाल परत कधी?"

"दोन आठवडे द्या, मामा."

पांढऱ्या कॉलन्यांची एक प्लेट तेवढी तारीख घालून फ्रिजमध्ये ठेवली आणि उणे 80 च्या फ्रीझरमधून कॅनामायसिनच्या प्लाझ्मिडची कुपी बाहेर काढली.