सोळाव्या वर्षाचं निदान

सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या केसपेपरवर निदान लिहायची वेळ आली की मी अजूनही पेन्सिल घेते. सांगलीत इतकी वर्षं प्रॅक्टिस करून मोठ्या माणसाचं नैराश्य ओळखायला मला फारसा वेळ लागत नाही. या वयात मात्र हात आखडतो. सध्या एका मुलानं मला असंच अडवून धरलंय. त्याची ओळख पटू नये एवढे तपशील बदलून लिहितेय.

मुलगा विट्याकडचा. वडील गलाईच्या धंद्यात, कोइमतूरला. खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी कुटुंबं सोनं-चांदी गाळायच्या कामासाठी देशभर पांगलीत, त्यातलंच हे एक. दहावीपर्यंत पोरगा तिकडंच वाढला. अकरावी सायन्स आणि क्लाससाठी त्याला गावी आजीकडं ठेवलं. आता तो कॉलेजला जात नाही, भरलं ताट ढकलून देतो, आजीच्या अंगावर ओरडतो. आणि ऐन उन्हाळ्यात फुल बाह्यांचा शर्ट. बाही वर केल्यावर दिसल्या त्या कर्कटकानं ओढलेल्या रेघा, काही जुन्या, काही ताज्या.

"रात्री झोपत नाहीस म्हणे?"

"दोस्तांशी बोलतो, मॅडम."

दोस्त सगळे कोइमतूरचे, बोलणं सगळं तमिळमध्ये. कशाबद्दल बोलता, असं विचारलं तर पहिल्यांदाच मान वर केली. "तिथं माझ्या जोकवर हसायचे. इथं माझ्या मराठीवर हसतात."

हे ऐकलं आणि मला वाटलं, याला आजार कसला, याला उपटून दुसऱ्या मातीत लावलंय. पण भूक गेलेली, वजन उतरलेलं, मन कशात लागत नाही, "सकाळी उठूच नये असं वाटतं" हेही त्यानंच सांगितलं. या वयात नैराश्य उदासीपेक्षा चिडचिडीतून जास्त दिसू शकतं, आमच्या निकषांतही मुलांच्या बाबतीत चिडचिड धरली जाते. जिवाचं बरंवाईट करायचा काही बेत आहे का, हे मी सरळ विचारलं. तो नाही म्हणाला. तरी त्याला सांगितलं, "एवढं मी आजीला सांगणार. बाकीचं तुझं-माझं." आजीला बोलावून गोठ्यातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी भावकीत नेऊन कुलपात ठेवायला लावलं. आमच्या भागात ही सूचना मी कुणाच्याच बाबतीत टाळत नाही. चिठ्ठीच्या मागं टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लिहिला, 14416. फोन रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात.

फ्लुऑक्सेटीन हे अँटिडिप्रेसंट, म्हणजे नैराश्यावरचं औषध, लिहायला घेतलं आणि आजी दाराशी थांबून म्हणाली, "बाई, ह्येच्या धाकल्या चुलत्यानं बी असंच केलं हुतं. आदी गप गप ऱ्हायचा. मग चार-चार दिस झोपला न्हाई, बैलं इकली आन् बुलेट आणली."

पेन खाली ठेवला. चुलत्याला बायपोलर, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उन्माद असा आजार असेल, तर या पोराचं नैराश्य हा त्याच आजाराचा पहिला अंक असू शकतो. अशा वेळी नुसतं अँटिडिप्रेसंट दिलं तर मूड उसळून उन्मादाकडं जाऊ शकतो. आता ते रात्रीचं जागणं वेगळं दिसायला लागलं. झोपेची गरजच कमी झालीय, की एकटं पडलेलं पोर मित्रांना सोडू शकत नाही म्हणून जागतंय? मी दुसऱ्या दिवशीच्या थकव्याबद्दल विचारलं. दुपारभर लोळून असतो, म्हणाला. उन्मादातला माणूस न झोपताही ताजातवाना असतो. थोडा धीर आला, पण थोडाच.

औषध देण्यात जोखीम आहे, तशी न देण्यातही आहे. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रकानं, 2004 मध्ये अँटिडिप्रेसंटवर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला. मुलांवरच्या चाचण्यांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन गोळी घेणाऱ्यांत सुमारे 4 टक्के आणि औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत 2 टक्के आढळलं होतं. त्या चाचण्यांत आत्महत्या एकही झाली नव्हती. पण त्याच वर्षी नैराश्य असलेल्या 439 किशोरवयीन मुलांचा अभ्यास आला. बारा आठवड्यांनी गोळी आणि समुपदेशन दोन्ही मिळालेल्यांतले 71 टक्के सुधारले, नुसत्या गोळीवर 61. खोट्या गोळीवर मात्र 35. हा पस्तिसाचा आकडा मला फार छळतो. उद्या हा मुलगा हसायला लागला, तर ते माझ्या गोळीनं, माझ्या बोलण्यानं, की नुसते दिवस गेले म्हणून? आणि नाही हसला, तर मी नेमकं काय बदलायचं?

मिरजेच्या एका ज्येष्ठ सरांना फोन केला. ते म्हणाले, लहान डोस दे आणि दर आठवड्याला बघ. मग दहा मिलिग्रॅमवर सुरुवात केली. झोप कमी होऊनही अंगात जोर आला, बडबड वाढली, पैसे उधळले, तर गोळी बंद करून त्याच दिवशी फोन करायचा, असं आजीला आणि फोनवर वडिलांना बजावलं. आजीला लिहिता येत नाही. नातू झोपला त्या रात्री ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर उभी रेघ मारते, जागला तर फुली. मागच्या भेटीला तिनं ते पानच फाडून आणलं होतं. माझ्या कुठल्याही तक्त्यापेक्षा ते मला जास्त उपयोगी पडलं.

वडिलांना मी थोडे दिवस गावी या म्हटलं. "मॅडम, लग्नसराई हाय, दुकान कुणावर टाकू?" त्यांचंही खरं आहे. मग उलटं विचारलं, पोराला सुट्टीपुरतं तिकडं नेता का? ते बराच वेळ गप्प राहिले आणि बघतो म्हणाले.

चुलत्याबद्दल आजीला एवढंच आठवतं की आधी देवऋषी झाला, मग डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि "सारखं रगत तपासाय लावायचे". ती बायपोलरवर देतात ती लिथियम असावी, त्यात रक्तातलं प्रमाण वरचेवर बघावं लागतं. पण रक्त इतर कारणांनीही तपासतात. चुलत्याच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत जुनी कागदं आहेत म्हणे. येत्या मंगळवारी ती घेऊन या असं सांगितलंय. ती बघेपर्यंत मी डोस वाढवत नाही.