बोर्ग आमच्याकडं फार उशिरा पोचला

सत्तरच्या दशकात आम्ही टेनिस बघायचो असं मी सांगतो खरा, पण कोल्हापुरात तेव्हा टीव्ही कुठला? मुंबईला 1972ला सुरू झाला, आम्ही मंगळवार पेठेत रेडिओ उशाला घेऊन. आमचं बघणं म्हणजे ऐकणंच, आणि पेपरात फोटो आला तर कापून भाताच्या शितानं वहीत चिकटवायचा.

शॉर्टवेव्हवर बीबीसी लागायची पण धड नाही, काटा केसभर सरकला की भलत्याच भाषेतली गाणी. मधेच टॉक... टॉक... बॉलचा आवाज, मग टाळ्या, आणि नेमका स्कोअर सांगताना खरखर. आजोबा खासबागेत कुस्त्या बघत म्हातारे झालेले, ते अंधारातनं विचारायचे, "कोण पडला काय रं?" आता ड्यूस, म्हणजे गेममध्ये दोघं 40-40 बरोबरीत, हे त्यांना कसं समजवायचं, मी म्हणायचो अजून खडाखडीच चाललीय.

1979च्या विम्बल्डनला दुसऱ्याच राउंडला आपला विजय अमृतराज स्वीडनच्या चॅम्पियन बोर्गसमोर, आणि दोन-एक सेटनं पुढं! आजोबा पण उठून बसले. चौथा सेट 6-6 बरोबरीत अडकून टायब्रेकरमध्ये, म्हणजे निकाली गेममध्ये गेला, तो बोर्गनं घेतला आणि पाचवा 6-2. "दमात कमी पडलं पोरगं," एवढं बोलून आजोबा कूस बदलून झोपले. मला कुठली झोप.

प्रत्यक्ष बघायचा चान्स एकदाच आलेला. 1974ला डेव्हिस कपची, म्हणजे देशादेशांतल्या टेनिस स्पर्धेची, रशियाबरोबरची सेमीफायनल पुण्यात होती, काका ऑफिसला दांडी मारून एसटीनं गेला आणि मला चाचणी परीक्षा म्हणून नेलं नाही (हा राग अजून आहे). आपण 3-1 जिंकलो. आल्यावर त्यानं अंगणात उलथनं घेऊन विजयची सर्व्हिस करून दाखवली, आजीनं ते उलथनं हिसकावून घेतलं. फायनल मात्र आपण खेळलोच नाही, समोर वर्णभेदवाली दक्षिण आफ्रिका, कप त्यांना न खेळताच मिळाला. केलं ते बरोबरच, पण त्या वयात लय चुटपुट लागली.

घरी टीव्ही आला तोवर बोर्ग रिटायर झालेला. परवा नातवानं मोबाइलवर 1980ची फायनल लावून दिली, लाकडी रॅकेट, पांढरे बॉल, अमेरिकेच्या मॅकेन्रोनं 18-16नं घेतलेला टायब्रेकर आणि तरी मॅच शेवटी बोर्गचीच. थोडा वेळ बघितलं, मग डोळे मिटून नुसतं ऐकत बसलो, टॉक... टॉक...

तर नातू म्हणतो, "आजोबा, झोपला काय? बंद करू?"